तापमान उणे १८, पडद्यावर ४०७८ : ऋण आकडे बिघडले की काय तपासायचं

डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि एक छोटा डिस्प्ले. खोलीत २७.५ अंश दिसतात, सेन्सर मुठीत धरला की ३३-३४ होतात, सगळं चोख. तोच सेन्सर आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये सोडला की आकडा उतरत उतरत शून्याला टेकतो आणि तिथून एकदम ४०९५ वर जातो. मग ४०९०, ४०८५, आणि फ्रीझर पुरता गार झाला की ४०७८ वर थांबतो.

हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, फक्त रूप बदलून. कुणाचा सोलरचा मीटर दुपारी ६४०३६ वॉट दाखवतो. कुणी वजनकाट्यावरचं ताट उचललं की पडद्यावर एक कोटी सदुसष्ट लाखांचा आकडा येतो. कुणी ठिबकचा पंप एका मिनिटासाठी लावतो आणि तो बंदच होत नाही. वरवर पाहता यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मुळाशी मात्र एकच गोष्ट आहे: संख्या किती बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ चं एक घर) आणि तिला चिन्ह आहे का, याबद्दल लिहिणारा आणि वाचणारा यांचं एकमत झालेलं नाही. ते एकमत कुठे मोडलं, ती जागा सापडली की दुरुस्ती एका ओळीची असते. ती जागा न शोधता पडद्यावरचा आकडा सारखा करत बसलं, की तोच बिघाड दुसरीकडून वर येतो.

आधी सेन्सर बदलू नका

४०७८ दिसल्यावर पहिली शंका सेन्सरवर किंवा वायरिंगवर जाते आणि नवा सेन्सर मागवला जातो. थांबा. हा सेन्सर किंवा त्याचं वायरिंग खरोखर बिघडलं, तर त्याची लक्षणं वेगळी असतात आणि ती ओळखता येतात.

प्रचलित डॅलस टेम्परेचर लायब्ररी वापरत असाल आणि उणे १२७ दिसत असेल, तर सेन्सरकडून उत्तरच आलेलं नाही. ८५ दिसत असेल, तर तो वीज मिळताक्षणी सेन्सरच्या रजिस्टरमध्ये असणारा आकडा आहे. म्हणजे मोजणी पुरी व्हायच्या आत वाचन झालं. बारा बिटांच्या मोजणीला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, तेवढा द्यायलाच हवा. मधेच वीज खंडित होऊन सेन्सर पुन्हा सुरू झाला तरी ८५ येतात.

आणखी दोन लक्षणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत, कारण ती नेमकी आपल्या विषयाशी गुंतलेली आहेत. डेटाची वायर तुटली तर ४.७ किलो-ओहमचा पुल-अप रेझिस्टर लाइन वरच धरून ठेवतो आणि सोळाच्या सोळा बिट १ वाचले जातात. बरोबर वाचलं तर ही संख्या उणे ०.०६२५ अंश, चुकीचं वाचलं तर ४०९५.९३७५. सीआरसी (डेटासोबत येणारा पडताळणीचा आकडा) तपासत असाल तर हा बिघाड तिथेच पकडला जातो. उलट, तीच वायर ग्राउंडला चिकटली तर सगळे बिट ० येतात आणि सगळ्या शून्यांचा सीआरसीही शून्यच असतो, म्हणजे तपासणी पास! बर्फाजवळ ठेवलेल्या सेन्सरवर बराच वेळ अगदी ०.००० दिसत राहिलं, तर तापमानावर नव्हे, वायरवर संशय घ्या.

४०७८ यांपैकी कशातच बसत नाही. सेन्सर ठणठणीत आहे आणि खरं तेच सांगतो आहे.

आकड्यातच खूण असते

आठ बिटांत २५६ वेगवेगळ्या संख्या मावतात, सोळा बिटांत ६५५३६, चोवीस बिटांत १,६७,७७,२१६ आणि बत्तीस बिटांत ४,२९,४९,६७,२९६. ऋण संख्या बिघडून आली असेल तर ती यांपैकी एखाद्या आकड्याच्या थोडी अलीकडे दिसते. तो मोठा आकडा घ्या, पडद्यावरचा आकडा त्यातून वजा करा. उरलेली बाकी पटण्याजोगी असेल तर निदान झालं.

सोलरवाल्यांचे ६४०३६ घ्या. ६५५३६ मधून वजा केले की उरतात १५००. दुपारी घरातला वापर कमी असताना छतावरची वीज ग्रीडला परत जायला लागली, मीटरने ती उणे १५०० वॉट अशी नोंदवली आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमने उण्याची दखल घेतली नाही. वजनकाट्यावर १६७७६९१६ दिसत असतील, तर १६७७७२१६ मधून वजा करा: ३००. खरी नोंद उणे ३०० होती.

तापमानाच्या बाबतीत एक पायरी जास्त आहे. हा सेन्सर अंशाच्या सोळाव्या भागात मोजतो, म्हणून कच्च्या आकड्याला १६ ने भागावं लागतं. ६५५३६ ला १६ ने भागलं की ४०९६. त्यातून ४०७८ गेले, उरले १८. फ्रीझर उणे १८ वर आहे, जसा असायला हवा तसा.

चिन्ह नेमकं कुठे असतं

इथे थोडं थांबून मुळातलं समजून घेतलेलं बरं, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर उभे आहेत.

सर्वांत डावीकडचा बिट चिन्हाचा असतो, असं वर्गात शिकवलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे, आणि त्यातूनच गोंधळ सुरू होतो. ११११ १०११ ही आठ बिटांची संख्या समोर ठेवली की विद्यार्थी पहिला १ बाजूला काढतात, उरलेल्या सात बिटांचे १२३ करतात आणि उत्तर लिहितात उणे १२३. खरं उत्तर आहे उणे ५.

त्याऐवजी प्रत्येक बिटाचं वजन पाहा. आठ बिटांत वजनं असतात १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीत एवढाच बदल आहे की पहिलं वजन १२८ ऐवजी उणे १२८ धरायचं. बाकीची सात वजनं धनच राहतात. मग ११११ १०११ म्हणजे उणे १२८, अधिक ६४, अधिक ३२, १६, ८, २ आणि १. धन भागाची बेरीज १२३, एकूण उणे ५.

अकरावी-बारावीला लॉग टेबल हाताळलेल्यांना हे लगेच पटेल. ०.०२ चा लॉग आपण 'बार टू पॉइंट थ्री झीरो वन झीरो' असा लिहितो. आडवी रेघ फक्त २ च्या डोक्यावर असते, म्हणजे उणे फक्त ते २, पुढचे ०.३०१० धनच. एकूण किंमत उणे १.६९९०. टूज कॉम्प्लिमेंटमध्येही रेघ फक्त पहिल्या बिटाच्या डोक्यावर आहे.

एवढं मनात बसलं की बिघाडाचं गणित आपोआप उलगडतं. सोळा बिटांच्या संख्येत पहिल्या बिटाचं वजन उणे ३२७६८ असतं. तेच सोळा बिट उचलून बत्तीस बिटांच्या जागेत ठेवले आणि डावीकडे शून्यं भरली, तर तो बिट आता पहिला राहत नाही आणि त्याचं वजन अधिक ३२७६८ होतं. उणे ३२७६८ पासून अधिक ३२७६८ पर्यंतचा फरक बरोबर ६५५३६. पडद्यावरच्या आकड्यात जी नेमकी ६५५३६ ची वाढ दिसते, ती इथून आलेली असते.

म्हणून लहान जागेतली ऋण संख्या मोठ्या जागेत नेताना डावीकडे शून्यं भरायची नसतात, पहिला बिटच डावीकडे पुन्हा पुन्हा लिहायचा असतो. याला साइन एक्स्टेन्शन म्हणतात. उणे ५ आठ बिटांत ११११ १०११, सोळा बिटांत ११११ ११११ ११११ १०११. किंमत का बदलत नाही? नऊ बिट केले तर नव्या पहिल्या बिटाचं वजन उणे २५६ आणि जुन्याचं अधिक १२८. दोन्ही मिळून उणे १२८, म्हणजे होतं तेच. पुढच्या प्रत्येक बिटाला हाच हिशेब लागू पडतो.

इतकी उलटसुलट व्यवस्था कशासाठी, असं वाटू शकतं. कारण तिच्यात वजाबाकीसाठी वेगळं सर्किट लागत नाही. ०००० ०१०१ मध्ये ११११ १०११ नेहमीच्या पद्धतीने मिळवा: आठही बिट शून्य होतात आणि हातचा एक बाहेर पडतो. ५ आणि उणे ५ ची बेरीज शून्य, चिन्हाकडे पाहण्याची गरजच पडली नाही. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ च्या एडव्हॅक संगणकाच्या आराखड्यात ही पद्धत सुचवली होती, पण ती सगळ्यांनी लगेच उचलली नाही. आयबीएम ७०९० चिन्ह वेगळं आणि आकडा वेगळा ठेवायचा. सीडीसी ६६०० ऋण संख्येसाठी नुसते बिट उलटे करायचा, आणि मग शून्य दोन प्रकारचं व्हायचं, अधिक शून्य आणि उणे शून्य. १९६४ मध्ये आलेल्या आयबीएम सिस्टिम ३६० ने टूज कॉम्प्लिमेंट स्वीकारलं आणि पुढे तेच सर्वत्र रुळलं. सी++ भाषेच्या २०२० च्या आणि सी भाषेच्या सी२३ या प्रमाणकात तर आता दुसऱ्या पद्धतीला जागाच ठेवलेली नाही.

हातानं ऋण संख्या काढायची असेल तर सगळे बिट उलटे करून १ मिळवा. कोणत्याही संख्येत तिचेच उलटे बिट मिळवले की सगळीकडे १ येतात आणि सगळीकडे १ म्हणजे उणे १. म्हणून आणखी १ मिळवला की शून्य. हे कारण एकदा लक्षात राहिलं की रीत पाठ करावी लागत नाही.

फ्रीझरचा दोष सापडला

सेन्सरकडून आठ-आठ बिटांचे दोन बाइट येतात, खालचा आणि वरचा. बहुतेकांच्या प्रोग्रॅममध्ये अशा ओळी असतात:

इंट कच्चा = (वरचा << ८) | खालचा;
तापमान = कच्चा / १६.०;

या ओळी अर्डुइनो उनोवर बिनचूक चालतात, कारण तिथे इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) सोळा बिटांचा असतो आणि पहिला बिट आपोआप आपल्या जागी, उणे ३२७६८ च्या घरात जाऊन बसतो. ईएसपी३२ वर इंट बत्तीस बिटांचा आहे. तिथे हेच सोळा बिट उजवीकडच्या अर्ध्या भागात पडतात आणि डावा अर्धा भाग शून्यांनी भरतो. उणे १८ चा कच्चा आकडा उणे २८८. उनोवर तो उणे २८८ च राहतो, ईएसपी३२ वर ६५२४८ होतो. प्रोग्रॅम तोच, सेन्सर तोच, फक्त बोर्ड बदलला. 'आधी चालत होतं' हे वाक्य म्हणूनच इतक्यांदा ऐकू येतं, आणि ते खरंच असतं.

दुरुस्ती अशी:

इंट१६_टी कच्चा = (वरचा << ८) | खालचा;

एवढंच. इंट१६_टी कुठल्याही बोर्डवर सोळा बिटांचाच असतो. वन-वायर लायब्ररीसोबत येणाऱ्या उदाहरणात हाच प्रकार वापरलेला आहे आणि शेजारच्या टिपणीत कारणही दिलेलं आहे. पण उदाहरण उतरवून घेताना टिपण्या गाळल्या जातात आणि कुणीतरी त्या जागी साधा इंट लिहितो.

यावर बरेचदा वेगळा सल्ला दिला जातो: तापमान २००० च्या वर गेलं तर त्यातून ४०९६ वजा करा. गणिताने तो चुकीचा नाही, तरी मी तो कुणालाही देणार नाही. समजा शून्याच्या आसपास एक नोंद उणे १ आली आणि पुढची अधिक १. सरासरी शून्य. पण वजाबाकी पडद्यापाशी केली असेल आणि सरासरी त्याआधीच काढली असेल, तर ४०९५ आणि १ यांची सरासरी होते २०४८. आता ४०९६ वजा केले तर उणे २०४८, नाही केले तर अधिक २०४८; खरं तापमान कायमचं हरवलं. एसडी कार्डवरच्या नोंदी, अलार्मची अट, मोबाइलवर जाणारा संदेश, प्रत्येक ठिकाणी ती वजाबाकी लक्षात ठेवून करावी लागते आणि एखाद्या ठिकाणी ती राहतेच. लसी ठेवायच्या शीतपेटीत २ ते ८ अंश राखावे लागतात आणि काही लसी गोठल्या की निकामी होतात. तिथे शून्याच्या अलीकडे-पलीकडे काय झालं हीच तर सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. म्हणून बाइट एकत्र होऊन जिथे संख्या जन्माला येते, दुरुस्ती तिथेच करायची.

भागाकाराबद्दल एक गोष्ट. १६ ने भागण्याऐवजी काही जण बिट चार घरं उजवीकडे सरकवतात. ऋण संख्येसाठी ही दोन्ही उत्तरं एकच नसतात. उणे १०.१२५ अंशांचा कच्चा आकडा उणे १६२. पूर्णांक भागाकाराने उणे १० येतात, सरकवून उणे ११, कारण सरकवताना उत्तर नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातं. दशांश हवे असतील तर १६.० ने भागा आणि हा प्रश्नच मिटवा.

चोवीस बिटांचा त्रास

वजनकाट्यांसाठी वापरली जाणारी एचएक्स७११ ही चिप चोवीस बिटांत उत्तर देते, उणे ८३,८८,६०८ पासून ८३,८८,६०७ पर्यंत. सी भाषेच्या नेहमीच्या प्रकारांत चोवीस बिटांचा प्रकार नाही, त्यामुळे इथे प्रकार बदलून सुटका होत नाही. साइन एक्स्टेन्शन स्वतः करावं लागतं. मला सर्वांत आवडणारी रीत ही:

कच्चा = (कच्चा ^ ८३८८६०८) - ८३८८६०८;

एक्सॉरने (^ या खुणेने) पहिला बिट उलटा होतो, मग त्याचं वजन वजा होतं. संख्या धन असेल तर मिळवलेलं तेवढंच परत जातं. ऋण असेल तर तो बिट आधीच निघून गेलेला असतो आणि वजाबाकीनंतर योग्य ती ऋण किंमत उरते. कागदावर चार बिटांसाठी करून पाहा, तिथे ८ वापरा. बारा बिटांचे, चौदा बिटांचे सेन्सर असोत, हीच ओळ चालते, फक्त पहिल्या बिटाचं वजन बदलायचं. मात्र आधी डेटाशीटमध्ये बिट सोळाच्या चौकटीत डावीकडे टेकवून दिले आहेत की उजवीकडे, ते पाहा. डावीकडे टेकवलेले असतील तर सोळा बिटांचा प्रकार वापरून उजवीकडे सरकवलं की चिन्ह आपोआप सांभाळलं जातं.

एचएक्स७११ कडून सतत ८३,८८,६०७ किंवा सतत उणे ८३,८८,६०८ येत असेल, तर तो चिन्हाचा घोळ नाही. चिप आपल्या मर्यादेला जाऊन टेकली आहे. लोड सेलच्या वायरी तपासा.

मीटर, एक्सेल, पायथन, जावा

मॉडबस या मीटर वाचायच्या प्रोटोकॉलवर येणारं रजिस्टर म्हणजे नुसते सोळा बिट. त्यात चिन्ह आहे की नाही हे प्रोटोकॉल सांगत नाही, मीटरच्या मॅन्युअलमधला तक्ता सांगतो. तिथे 'साइन्ड' (चिन्हासकट) लिहिलं आहे का, तेवढं पाहा. नोड-रेडमध्ये बफर वाचत असाल तर रीडयूइंट१६बीई आणि रीडइंट१६बीई यांत एका 'यू'चा, म्हणजे 'अनसाइन्ड' (बिनचिन्ह) याचा, फरक आहे आणि सोलरचे बहुतेक ६४०३६ त्या एका अक्षरातून येतात. दोन रजिस्टरं जोडून बत्तीस बिट होत असतील तर त्यांचा क्रमही तपासा. उणे १५०० साठी वरचं रजिस्टर ६५५३५ असतं आणि खालचं ६४०३६. क्रम उलटा झाला तर उणे ९,८२,३८,४६५ दिसतात. असा नऊ-दहा कोटींचा आकडा दिसला की चिन्हाच्या मागे लागू नका, रजिस्टरांची अदलाबदल करा.

एक्सेलमध्ये हेक्सचं (सोळाच्या पायातल्या संख्येचं) दशमान करणारं हेक्स२डेक हे फंक्शन दहा हेक्स अंकांची, म्हणजे चाळीस बिटांची चौकट धरतं. त्यामुळे चार वेळा एफ दिलं की ६५५३५ येतात, दहा वेळा दिलं तरच उणे १. इथे ३२७६७ पेक्षा मोठं उत्तर आलं तर ६५५३६ वजा करणं हाच मार्ग आहे, आणि त्यात वावगं काही नाही, कारण संख्या तिथेच जन्माला येते आहे.

पायथनच्या पूर्णांकाला बिटांची ठरलेली मर्यादाच नसते, त्यामुळे कुठला बिट पहिला हे त्याला कळायचं कसं? इंट.फ्रॉम_बाइट्स वापरताना साइन्ड=ट्रू असं स्पष्ट सांगावं लागतं. जावामध्ये अडचण उलट्या बाजूने येते: तिथला बाइट नेहमी चिन्हासकट, उणे १२८ ते १२७. फोटोच्या फाइलमधला २०० हा बाइट जावा उणे ५६ असा वाचतो. २५५ बरोबर अँड केलं की २०० परत मिळतात.

सी भाषेतल्या कॅर या प्रकाराला चिन्ह आहे की नाही, हे कंपायलर ठरवतो. इंटेलच्या पीसीवर सहसा असतं, रास्पबेरी पायवरच्या लिनक्समध्ये नसतं. एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटकॅरचं उत्तर कॅरमध्ये ठेवून फाइल संपण्याची वाट पाहणारा लूप पीसीवर थांबतो आणि पायवर अनंत काळ फिरत राहतो, कारण फाइल संपल्याची खूण उणे १ असते आणि तिथे तिचे २५५ झालेले असतात. ते उत्तर इंटमध्येच ठेवायचं. याच जातीचा दुसरा दोष म्हणजे अनसाइन्ड चल घेऊन 'शून्य किंवा जास्त असेपर्यंत' उलटा मोजणारा लूप. अनसाइन्ड कधीच शून्याच्या खाली जात नाही, तो थांबणार कसा? कंपायलरच्या साइन-कंपेअर आणि कन्व्हर्जन या वॉर्निंग चालू ठेवल्या तर असे बरेच दोष बोर्डवर चढण्याआधीच सापडतात.

पंप बंद का होत नाही

आता उलटी दिशा: संख्या मोठी, जागा लहान. अर्डुइनो उनोवर डिलेला ६० * १००० दिलं जातं, म्हणजे साठ हजार मिलिसेकंद, एक मिनिट. पण ६० आणि १००० हे दोन्ही इंट, म्हणून गुणाकारही सोळा बिटांतच होतो. तिथे कमाल ३२७६७. साठ हजारांचे बिट उणे ५५३६ होऊन बसतात. डिलेला बत्तीस बिटांची बिनचिन्ह संख्या हवी असते, म्हणून उणे ५५३६ तिच्यात बसवताना ४,२९,४९,६१,७६० होतात. इतक्या मिलिसेकंदांचे जवळजवळ ४९ दिवस आणि १७ तास भरतात. पंप तोवर चालूच. उपाय: ६० च्या मागे यूएल ही दोन अक्षरं जोडा, म्हणजे गुणाकार आधीपासूनच बत्तीस बिटांत होतो. उत्तर साठवणारा चल मोठा घेऊन भागत नाही, कारण नुकसान साठवण्याआधीच झालेलं असतं. आणि पंपासारख्या गोष्टीला स्वतंत्र टायमर-रिले असावाच. पाणी आणि वीज दोन्ही फक्त एका ओळीच्या भरवशावर सोडू नयेत.

जागा अपुरी पडण्याचं सर्वांत महागडं उदाहरण ४ जून १९९६ चं आहे. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून निघालेल्या एरियन ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात चौसष्ट बिटांची दशांश संख्या सोळा बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावली नाही. दिशादर्शक यंत्रणा बंद पडली आणि चाळीस सेकंदांच्या आत यान नष्ट झालं. तो भाग एरियन ४ मधून जसाच्या तसा घेतला होता. तिथे ती संख्या कधी तेवढी मोठी होतच नसे.

१९७० पासूनचे सेकंद बत्तीस बिटांत मोजणाऱ्या जुन्या यंत्रांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल आणि पुढच्या सेकंदाला १९०१ सालात जाईल. शेतात, कारखान्यात पंधरा-वीस वर्षं चालावं म्हणून काही बसवत असाल, तर वेळ चौसष्ट बिटांत ठेवायचं आजच ठरवा.

एका कोपऱ्यातली संख्या मात्र स्वतःच आडमुठी आहे. आठ बिटांत उणे १२८ आहे, पण अधिक १२८ नाही, कारण शून्याने धन बाजूची एक जागा घेतलेली आहे. १००० ०००० चे बिट उलटे करून १ मिळवा, पुन्हा १००० ०००० च येतं. म्हणून जावामध्ये सर्वांत लहान इंटची निरपेक्ष किंमत मागितली तर उत्तर ऋणच मिळतं. हॅशची निरपेक्ष किंमत काढून तिचा ॲरेचा इंडेक्स करणारे प्रोग्रॅम क्वचित, पण नेमके याच संख्येवर कोसळतात. आधी भागाकाराची बाकी काढा आणि मग तिचं चिन्ह सांभाळा.

दुरुस्तीनंतर तपासणी

आपल्याकडे हा दोष लपून राहतो याचं एक साधं कारण हवेत आहे. पुण्या-मुंबईत, नागपुरात टेबलावर ठेवलेला सेन्सर वर्षाच्या कुठल्याही दिवशी शून्याखाली जात नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठलं तर त्याची बातमी होते. त्यामुळे प्रोजेक्ट सगळ्या चाचण्या पास होतं आणि पहिली ऋण संख्या पाहतं ती थेट ग्राहकाच्या शीतगृहात. तेव्हा ती आधीच दाखवा. बर्फाचा चुरा करून त्यात भरपूर मीठ कालवा, जुन्या पॉट आइस्क्रीमसाठी करतात तसं, आणि स्टीलची नळी त्यात खोचा. मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. साधं मीठ फार तर उणे २१ अंशांपर्यंत नेऊ शकतं.

त्याहीआधी सेन्सरशिवाय तपासणी करा. बाइटांपासून तापमान काढणारा भाग वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा आणि त्याला डेटाशीटच्या तक्त्यातले आकडे द्या. कच्चे ६५५२८ दिले की उणे ०.५ यायला हवं, ६५३७४ दिले की उणे १०.१२५, ६५१३५ ला उणे २५.०६२५, ६४६५६ ला उणे ५५. आणि धन बाजूला ४०१ ला २५.०६२५ व २००० ला १२५. ही तपासणी उनो, ईएसपी३२ आणि स्वतःच्या पीसीवर, तिन्हीकडे चालवा. तिन्ही ठिकाणी इंटची रुंदी सारखी नसली तरी उत्तरं सारखी यायला हवीत.

एवढं करूनही आकडा पटत नसेल तर दोन्ही बाइट वेगवेगळे छापून पाहा. ते उलट क्रमाने जोडले जात असतील तर २७.५ अंशांच्या जागी उणे ११५१.९३७५ येतात आणि उणे १०.१२५ च्या जागी १५१९.९३७५. हा दोष खोलीतच दिसतो, फ्रीझरपर्यंत जावं लागत नाही. बाइट बरोबर असून फक्त पडदा चुकत असेल, तर छापणाऱ्या ओळीत टक्के-डीच्या (चिन्हासकट) जागी टक्के-यू (बिनचिन्ह) लिहिलं गेलं आहे का ते बघा. आणि मदत मागायची वेळ आली तर पडद्याच्या फोटोऐवजी दोन कच्चे बाइट, चलाचा प्रकार आणि बोर्डचं नाव पाठवा. या तीन गोष्टींवर समोरच्याला उत्तर देता येतं.